गॅरिसन आणि डग्लस यांच्यात नेमकं कशावरून बिनसलं?

तुम्ही विचारलंय की गुलामगिरीविरोधी चळवळीचे पुढारी विल्यम लॉइड गॅरिसन आणि गुलामगिरीतून पळून आलेले त्यांचे सहकारी फ्रेडरिक डग्लस अमेरिकेच्या राज्यघटनेवरून दुरावले, हे खरं का. खरं आहे, पण अर्धंच.

घटनेचा वाद १८५१ मध्ये चव्हाट्यावर आला. गॅरिसनना घटना म्हणजे गुलाममालकांशी केलेली हातमिळवणी वाटे. पुढे १८५४ मध्ये ४ जुलैच्या भर सभेत त्यांनी तिची प्रत जाळली. डग्लस मात्र गुलामगिरीविरोधी राजकारणी गेरिट स्मिथ यांच्या संगतीत या मतावर आले होते की हीच घटना गुलामगिरीविरुद्ध वापरता येते. अमेरिकन गुलामगिरीविरोधी संस्थेच्या १८५१ मधल्या सिराक्यूजच्या अधिवेशनात त्यांनी हे सांगताच गॅरिसन म्हणाले, यात कुठेतरी लबाडी आहे.

इतका तडकून बोलणारा माणूस आधीपासूनच दुखावलेला असणार, असं मला वाटतं. १८४१ मध्ये नॅन्टकेटच्या सभेतलं भाषण ऐकून मॅसॅच्युसेट्सच्या गुलामगिरीविरोधी संस्थेने डग्लसना वक्ता म्हणून घेतलं. मेरीलँडहून पळून येऊन त्यांना जेमतेम तीन वर्षं झाली होती. तीच ती हकिकत सांगून ते कंटाळले आणि स्वतःचे विचार मांडू लागले. तेव्हा संस्थेचे जॉन कॉलिन्स म्हणाले, तुम्ही फक्त घडलेलं सांगा, तत्त्वज्ञानाचं आम्ही बघू. शिवाय, बोलण्यात थोडा मळ्यावरचा ढंग राहू द्या, फार शिकलेले वाटलात तर लोकांना खरं वाटायचं नाही! हे खुद्द डग्लसनीच लिहून ठेवलंय. म्हणजे साक्षीदार म्हणून ते हवे होते, पुढारी म्हणून नव्हे. १८४७ मध्ये त्यांनी रॉचेस्टरहून 'नॉर्थ स्टार' हे स्वतःचं वृत्तपत्र काढलं, तेही गॅरिसनना रुचलं नाही.

गॅरिसन कोत्या मनाचे होते असं मात्र नाही. १८४६ मध्ये ब्रिटनमधल्या मित्रांनी पैसे भरून डग्लसना कायद्याने मुक्त करवलं, तेव्हा माणसाची किंमत मोजलीच कशी म्हणून चळवळीतले कित्येक जण तुटून पडले. गॅरिसन डग्लसच्या बाजूने उभे राहिले. पण १८५३ मध्ये त्यांच्याच 'लिबरेटर' या वृत्तपत्रात डग्लसच्या सहकारी ज्युलिया ग्रिफिथ्स यांच्यामुळे डग्लसच्या घरात कलह असल्याची कुजबुज छापून आली. ही पातळी गाठल्यावर मैत्री कसली उरतेय?

१८६५ च्या मे महिन्यात गॅरिसननी ठराव मांडला: काम झालं, अमेरिकन गुलामगिरीविरोधी संस्था विसर्जित करू. डग्लसनी विरोध केला. काळ्या माणसाला मताचा हक्क मिळेपर्यंत गुलामगिरी संपली असं ते मानायला तयार नव्हते. ठराव पडला आणि गॅरिसन अध्यक्षपदावरून बाजूला झाले.