कंपनीचं रसायन ओढ्यात सांडून विहीर खराब झाली, तर निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो का?

नाही, धोकादायक रसायनाच्या बाबतीत कंपनीची चूक दाखवावी लागत नाही. दिल्लीत डिसेंबर १९८५ मध्ये ओलियम वायूची गळती झाली. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'संपूर्ण दायित्वा'चं तत्त्व मांडलं: धोक्याचा धंदा करणाऱ्याने भरपाई द्यायचीच, 'आम्ही सगळी काळजी घेतली होती' ही सबब चालणार नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांसाठीचं खास न्यायालय; त्याच्या २०१० च्या कायद्याच्या कलम १७ मध्येही अपघातासाठी हेच आहे. या न्यायाधिकरणाचं महाराष्ट्रासाठीचं खंडपीठ पुण्यात आहे. भरपाईचा अर्ज ५ वर्षांच्या आत करावा लागतो.

पण नुकसान त्याच रसायनामुळे झालं, हे तुम्हालाच दाखवावं लागतं, आणि बहुतेक प्रकरणं इथेच लंगडी पडतात. बाटलीत स्वतः भरून ठेवलेलं पाणी तसं कच्चाच पुरावा. म्हणून प्रदूषण नियंत्रण मंडळाला लगेच लेखी तक्रार द्या, पोच घ्या आणि कंपनीच्या सांडपाण्याचा नमुना त्यांनाच घ्यायला लावा. जल कायद्याच्या (पाण्याचं प्रदूषण रोखणारा कायदा) कलम २१ प्रमाणे कंपनीला रीतसर नोटीस, नमुन्याचे दोन भाग, सील, सह्या. यात कसूर झाली तर तो अहवाल कोर्टात टिकत नाही. विहिरीचाही नमुना त्याच फेरीत घ्यायला सांगा.