वकील झालेल्या मुलीने तत्त्वज्ञान कशासाठी शिकावे?

स.न.वि.वि.

न्यू जर्सीहून पाठवलेले आपले पत्र मिळाले. आपली मुलगी न्यूयॉर्कची बार परीक्षा (वकिलीच्या परवान्याची परीक्षा) उत्तीर्ण होऊन दीड वर्ष एका फर्ममध्ये काम करते आहे, पुढील वर्षी तिची एका फेडरल न्यायाधीशांकडे क्लार्कशिप (न्यायाधीशांची कायदेविषयक सहायक म्हणून ठरावीक मुदतीचे काम) सुरू होणार आहे आणि त्याआधी तिला नैसर्गिक कायद्याचे तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या जेम्स विल्सन इन्स्टिट्यूटच्या फेलोशिपसाठी अर्ज करायचा आहे. हे तत्त्वज्ञान शिकून वकिलीत काय मिळणार, हा प्रकार धार्मिक आहे का आणि तिच्यावर एका बाजूचा शिक्का बसेल का, असे आपण विचारले आहे.

नावाचा घोळ आधी दूर करतो. आपल्याकडे खातेनिहाय चौकशीत ज्याचा उल्लेख होतो तो 'नैसर्गिक न्याय', म्हणजे दुसऱ्या बाजूचे ऐकून घ्यावे आणि स्वतःच्या प्रकरणात स्वतःच न्यायाधीश होऊ नये, हा त्या विचाराचा एक लहानसा, रोजच्या वापरातला भाग आहे. नैसर्गिक कायद्याचा मूळ प्रश्न मोठा आहे: विधिमंडळाने रीतसर मंजूर केला एवढ्यानेच कायदा माणसाला बांधील ठरतो, की तो योग्य का आहे याचे बुद्धीला पटणारे कारणही द्यावे लागते? रोमन विचारवंत सिसेरोने याचे उत्तर ख्रिस्तपूर्व काळात शोधले आणि तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी त्याची पद्धतशीर मांडणी केली. अक्वायनस धर्मशास्त्रज्ञ होते हे खरे. तरीही हा कायदा माणसाला आपल्या विवेकबुद्धीने ओळखता येतो, त्यासाठी धर्मग्रंथाची साक्ष काढावी लागत नाही, हाच त्यांच्या मांडणीचा कणा आहे.

आपले वडील नागपूरला वकिली करत आणि आणीबाणीत त्यांचे काही सहकारी तुरुंगात होते, असे आपण लिहिले आहे. म्हणून हा प्रश्न आपल्या घराला परका नाही. स्थानबद्धांना न्यायालयात दाद मागता येते, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने 1976 साली, एडीएम जबलपूर प्रकरणात, चार विरुद्ध एक मताने त्या आणि इतर उच्च न्यायालयांचे निकाल फिरवले. सुनावणीत न्या. हं. रा. खन्ना यांनी महान्यायवादींना विचारले होते की, एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला तरी दाद नाही का. आणि आपल्या युक्तिवादानुसार नाही, असे उत्तर त्यांना मिळाले होते. न्या. खन्ना यांनी आपले विरोधी मत नैसर्गिक कायद्याचे नाव घेऊन लिहिले नाही, कायद्याच्या राज्याच्या तत्त्वावर लिहिले; पण जगण्याचा हक्क केवळ संविधानातल्या जीवित व स्वातंत्र्याविषयीच्या अनुच्छेद 21 मुळे अस्तित्वात येत नाही, ही त्यांची भूमिका त्याच प्रश्नाला भिडते. जीवित आणि स्वातंत्र्य हे हक्क संविधानाने निर्माण केलेले नाहीत, संविधान त्यांना फक्त मान्यता देते, असे सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाच्या हक्काविषयीच्या 2017 च्या पुट्टस्वामी निकालात म्हटले आणि जबलपूरचा निकाल रद्दबातल ठरवला. हे सगळे मुलीला आपण सांगा. अमेरिकेतल्या लॉ स्कूलमध्ये तिला ते कोणी सांगितले असण्याची शक्यता कमी आहे.

आता फेलोशिपविषयी. जेम्स विल्सन यांनी 1776 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर आणि 1787 च्या संविधानावर, दोन्हींवर सही केली आणि ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या सहा न्यायाधीशांपैकी एक होते. शासन नैसर्गिक हक्कांचे रक्षण करण्यासाठी आणि ते बजावण्याचा वाव वाढवण्यासाठी असते, हे त्यांनी फिलाडेल्फियातील व्याख्यानांत मांडले. त्यांच्या नावाची ही संस्था अॅमहर्स्ट कॉलेजमध्ये अनेक दशके शिकवलेले प्राध्यापक हॅडली आर्केस यांनी स्थापन केली. तरुण वकील आणि न्यायाधीशांचे क्लार्क तिथे एकत्र बसून मूळ ग्रंथ आणि खटले वाचतात व त्यांवर वाद घालतात.

शिक्क्याबद्दल मी आपल्याला गोड बोलून समजावणार नाही. आर्केस गर्भपाताचे आणि समलिंगी विवाहाचे उघड विरोधक आहेत आणि संस्था अमेरिकेतल्या पुराणमतवादी कायदेवर्तुळातली म्हणूनच ओळखली जाते. बायोडेटात हे नाव दिसले की काहींच्या भुवया उंचावतील, तर काही दारे त्याच नावाने उघडतील. मात्र त्या वर्तुळातही एकमत नाही. न्यायाधीशाने संविधानाच्या शब्दांपाशी आणि त्यांच्या मूळ अर्थापाशी थांबावे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे दिवंगत न्या. स्कॅलिया यांच्यासारखे लोक म्हणत आले आणि आर्केस यांचा मोठा वाद त्यांच्याशीच आहे. शिवाय ही परंपरा कोणा एका पक्षाच्या मालकीची नाही: मार्टिन ल्यूथर किंग यांनी 1963 साली बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात वर्णभेदाचे कायदे अन्याय्य का, हे सांगताना अक्वायनस यांचाच आधार घेतला होता.

माझे मत असे की तिने अर्ज करावा, पण ओळखी वाढवण्यासाठी करू नये. त्याआधी एका रविवारी तिने काल्डर विरुद्ध बुल हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातला 1798 चा खटला पुन्हा सावकाश वाचावा. प्रकरण कनेक्टिकटमधल्या एका मृत्युपत्राचे आहे: प्रोबेट न्यायालयाने (मृत्युपत्रे तपासून मान्य करणाऱ्या न्यायालयाने) ते नाकारले, अपिलाची मुदत टळली आणि मग विधिमंडळाने ठराव करून नव्याने सुनावणी द्यायला लावली. न्या. चेस म्हणतात की, एकाची मालमत्ता काढून दुसऱ्याला देणारा कायदा लेखी मनाई नसली तरी विधिमंडळाच्या अधिकारात बसत नाही. न्या. आयर्डेल उत्तर देतात की नैसर्गिक न्यायाच्या कल्पनांना कोणतेही ठरलेले माप नाही, शुद्ध हेतूच्या शहाण्या माणसांतही त्यावर मतभेद असतात. म्हणून तेवढ्याच कारणाने न्यायालयाने कायदा रद्द करू नये. तिने दोन्ही बाजू आपल्या शब्दांत एकेक पान लिहाव्यात, आणि जी बाजू तिला पटत नाही ती अधिक ताकदीने लिहावी. हे करताना वेळेचे भान राहिले नाही, तर तीच दोन पाने अर्जातल्या निबंधाचा पाया होतील. कंटाळा आला, तर एवढ्या वादग्रस्त नावाचे ओझे घेण्याचे कारण उरत नाही.

वकिलीत काय मिळणार, या आपल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो: या शिक्षणाने फी वाढत नाही. अपिलाच्या कामात मात्र, आधीचा एकही निकाल आपल्या बाजूने नसताना न्यायाधीशांना तत्त्वावरून पटवून द्यावे लागते, आणि त्यासाठी लागणारी तालीम फर्मच्या रोजच्या कामात मिळत नाही.

एक गोष्ट अर्जाआधीच करावी. क्लार्कशिप ठरलेली असल्यामुळे अशा संस्थेच्या कार्यक्रमाला जाणे चालेल का, हे तिने त्या न्यायाधीशांच्या चेंबर्सला (कार्यालयाला) लेखी विचारावे. फर्मकडे रजा त्यांचे उत्तर आल्यावर मागावी. निबंधाचा मसुदा तयार झाला की मला जरूर पाठवावा. वाचून सविस्तर लिहीन.