जुन्या चांदीच्या भांड्यांवरील छाप वाचताना

आपण सोलापूरच्या सराफ बाजारात मोडीत निघालेली चहादाणी आटण्यापासून वाचवली, याचा मला मनापासून आनंद झाला. आता ती रांगोळीने घासू नये. शुद्धता, शहर आणि वर्ष सांगणारे ठोकलेले छाप उथळ असतात आणि एकदा झिजले की भांड्याची ओळखच जाते. बुडाशी, मुठीलगत आणि झाकणाच्या आतल्या बाजूस भिंगाने पाहावे. चालता सिंह म्हणजे इंग्लंडमध्ये तपासलेली, ९२.५ टक्के शुद्धतेची चांदी. जहाजाचा नांगर बर्मिंगहॅम शहराचा, बिबट्याचे मुख बहुधा लंडनचे, आणि राजा किंवा राणीचे मस्तक ही १७८४ ते १८९० या काळात कर भरल्याची खूण होय. वर्ष छापांतील एका सुट्या रोमन अक्षरावरून ठरते. परंतु एकच अक्षर निरनिराळ्या शहरांत निरनिराळे वर्ष दाखवीत असल्यामुळे, आणि त्याभोवतीच्या चौकटीचा आकारही काळानुसार बदलत असल्यामुळे, शहर निश्चित केल्याशिवाय अक्षरांवरून वर्ष सांगणारा तक्ता उघडू नये. कारागिराची आद्याक्षरे त्यानंतर शोधावीत. ‘ईपीएनएस’ (निकेलयुक्त मिश्रधातूवर विजेने चढवलेली चांदी) असल्यास वर केवळ चांदीचा मुलामा आहे. सिंहाऐवजी ‘ओ.एम. भूज’ अशी रोमन अक्षरे आढळली, तर ते कच्छचे नामांकित कारागीर उमरशी मावजी यांचे काम असू शकते. तेव्हा वेलबुट्टीची सफाईही त्या छापाला शोभते का, हे सावकाश पाहावे.