फुग यायच्या आधी: घराच्या इन्शुरन्सवर तुमचे प्रश्न

मागच्या अंकात पूररेषेवर दोन ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच आला, म्हणून यावेळची सगळी जागा त्यालाच. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलंय, तेव्हा नुसता तालुका टाकतोय.

प्रश्न (शिरोळ तालुका): नदीपासून घर लांब नाही. 2005 ला पाणी पायरीला लागलं, 2019 ला घरात छातीएवढं, 2021 ला परत. मी म्हणतोय इन्शुरन्स काढू. वडील म्हणतात पूर काय आपल्याला नवा नाही, सामान माळ्यावर टाकायचं, जनावरं सोडवायची, पाहुण्यांकडं जायचं, आणि पंचनामा झाला की सरकार देतंयच की. कुणाचं खरं?

उत्तर: वडिलांचं अर्धं खरं आहे दादा. तुमच्याकडं पूर धावत येत नाही, चढत येतो. नरसोबाच्या वाडीला कृष्णा-पंचगंगा मिळतात, वारणा-दूधगंगेचं पाणीही जवळच येऊन पडतं, जमीन सपाट, मग एक नदी भरली की दुसरीला पुढं सरकायला जागा नाही आणि फुग, म्हणजे तुंबलेलं पाणी, मागं मागं येत राहते. त्यामुळं माणसं, जनावरं, गॅसची टाकी हलवायला वेळ मिळतो हे खरंच. पण उतरायलाही ते तेवढाच वेळ घेतं. भिंती आठ-दहा दिवस पाण्यात उभ्या, आणि भिंत काही माळ्यावर टाकता येत नाही. प्लास्टर फुगतं, दारं चौकटीत बसत नाहीत, फरशीखालचा भराव दबतो, बोर्डाच्या आत गाळ. रिकामा फ्रिज पाण्यावर तरंगतो आणि पाणी उतरताना जिथं असेल तिथं आडवा होतो, कट्ट्यावर झोपलेला फ्रिज बघितलाय तुम्ही, मी वेगळं सांगायला नको.

आता सरकारी मदत. आपत्ती निधीच्या 2022-23 ते 2025-26 साठीच्या निकषात सपाट भागातलं घर पूर्ण गेलं तर 1 लाख 20 हजार, पण पक्क्या घराची थोडीफार पडझड असेल, आणि तीही निदान 15 टक्के दिसली पाहिजे, तर 6,500 रुपये. कपड्यांचे 2,500, भांड्यांचे 2,500. राज्य सरकार कधी जीआर काढून वर भर घालतं, पण ते त्या त्या वेळचं, त्याच्यावर घर कसं ठरवायचं? तुमच्यासारख्यांचं घर पडत नाही, नासतं. म्हणजे तुम्ही त्या 6,500 च्या रांगेत. खालच्या मजल्याचं वायरिंग नव्यानं करायला वायरमन किती सांगतो ते वडिलांना एकदा ऐकवा, वाद तिथंच मिटेल.

'शंभर वर्षांत एकदा' या शब्दानंही लोक फसतात. पूररेषेच्या नकाशावरची निळी रेषा म्हणजे 25 वर्षांत एकदा येणारा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांत एकदा. याचा अर्थ एकदा येऊन गेला की पुढची 99 वर्षं सुट्टी, असा नाही हो. दरवर्षी चिठ्ठी नव्यानं काढायची. घर बरोबर लाल रेषेवर असेल तर 30 वर्षांत एकदा तरी पाणी यायची शक्यता साधारण 26 टक्के, निळ्या रेषेवर असेल तर 70 टक्के. आणि 2019, 2021 बघितल्यावर हे आकडेसुद्धा मला जरा आशावादीच वाटतात. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला धोका पातळी 45 फूट, 2019 ला पाणी 57 च्या वर गेलं. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला 43 धोका, तिथं दोन्ही वेळेला 55 च्या पुढं. एक काम करा, जवळच्या मोजपट्टीवर किती फूट असताना पाणी तुमच्या पायरीला लागतं ते गावातल्या जाणत्यांना विचारून दारामागं लिहून ठेवा. कुठल्या पॉलिसीत नसतं हे, पण सामान कधी उचलायचं ते त्याच्यावरच ठरतं.

पॉलिसी मागायची ती 'भारत गृह रक्षा' या नावानं. 1 एप्रिल 2021 पासून आग-विमा विकणाऱ्या सगळ्या जनरल कंपन्यांना ती ठेवावी लागते. पूर त्यात मुळातच धरलाय. रक्कम बांधकामाच्या खर्चावर लिहायची, जागेच्या भावावर नाही. जमीन वाहून जात नाही, म्हणजे गेली तरी कंपनी तिचे पैसे देत नाही. चटई क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, गुणिले आजचा बांधकाम दर, एवढंच. इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के घरातल्या सामानाला आपोआप मिळतात, 10 लाखांपर्यंत, म्हणजे घर 20 लाखांचं लिहिलं तर सामान 4 लाखांचं. जास्त हवं तर यादी द्यायची. रोख रक्कम, गाडी यात नाही, दागिने वेगळे सांगून घ्यावे लागतात. आणि बांधकाम जसं आहे तसंच सांगा, मागची खोली कुडाची असेल तर कुडाची.

हे सगळं मे महिन्यात करा. राजाराम बंधारा इशारा पातळीवर, म्हणजे 39 ला, आल्यावर एजंटला फोन लावणारे मी दरवर्षी बघतो. पाणी गल्लीच्या तोंडाशी असताना तुमचं घर विम्याला कोण कशाला घेईल?

प्रश्न (पलूस तालुका): घराच्या लोनच्या वेळी बँकेनं इन्शुरन्सचे पैसे कापून घेतलेत. मग अजून वेगळा कशाला?

उत्तर: ताई, तो कागद शोधा आणि वर काय लिहिलंय ते वाचा. बहुतेकदा तो कर्जदाराच्या जिवाचा असतो, कर्ज घेणारा गेला तर हप्ते फिटतात, भिंत पडली तर काही नाही. माझ्या चुलतभावाच्या घरी हेच झालं, पाच वर्षं सगळे निवांत, आणि पूर उतरल्यावर फाईल उघडली तर आत जीवनविमा! समजा घराचाच निघाला तरी रक्कम कर्जाएवढीच आहे का ते बघा, आणि क्लेमचे पैसे आधी बँकेकडं जातात हेही धरून चाला.

प्रश्न (उत्तर कॅरोलिना, अमेरिका): आई-बाबा गावी, घर आजोबांच्या नावावर. मी इथून पॉलिसी काढू शकतो का? आम्ही इथे लहानशा ग्रामीण काउंटीत घर घेतलंय, होमओनर्स पॉलिसीत फ्लड येतच नाही, वेगळा घ्यावा लागला, तसंच तिकडे असतं का?

उत्तर: उलटं आहे. तुमच्याकडं पूर सरकारी योजनेतून वेगळा घ्यायचा, सहसा 30 दिवस थांबायचं, आणि इमारतीला अडीच लाख डॉलरची मर्यादा. इथं पूर मूळ पॉलिसीतच, तरी घेणारे मोजके. पैसे तुम्ही भरा, हरकत नाही, पण पॉलिसी ज्याचा घरावर हक्क त्याच्या नावानं. आजोबा हयात नसतील तर ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला, म्हणजे घराच्या नोंदीला, वारस लावून घ्या आधी. क्लेमच्या वेळी कागद मागतात तेव्हा त्यावर गेलेल्या माणसाचं नाव निघालं की सहा महिने तिथंच जातात. सुट्टीला याल तेव्हा एक दिवस यालाच ठेवा.

प्रश्न (करवीर तालुका): पुढच्या खोलीत पिठाची गिरणी, मागं गोठ्यात दोन म्हशी. सगळं एकात बसेल?

उत्तर: नाही बसणार. घर गृह रक्षेत, गिरणीची मोटर-चक्की 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा'मध्ये, म्हशींचा पशुधन विमा, कानाला बिल्ला मारून. आणि गिरणी लपवून नुसतं घर म्हणून लिहू नका, नुकसान बघायला कंपनीचा सर्व्हेअर आल्यावर त्याला पहिलं पीठच दिसतं.

प्रश्न (मिरज तालुका): 2021 नंतर नदीकडची भिंत चिरली, काठ ढासळतोय. क्लेम नाकारला, 'नदीची धूप' म्हणून. हे बरोबर आहे का?

उत्तर: काका, वाईट वाटतं पण पॉलिसीत तसं आहे. घराखालची जमीन खचली तर भरपाई आहे, नदीनं काठ खाल्ला म्हणून खचली तर नाही. मात्र पुराचं पाणी भिंतीला लागून ती चिरली असेल तर ते पुराचं नुकसान, ते वेगळं. तुमच्या भिंतीवर गाळाची रेघ अजून आहे का? टेप लावून फोटो काढा, चीर आणि रेघ एकाच फोटोत आली पाहिजे, रंग बिंग एवढ्यात मारू नका. त्या फोटोंसकट कंपनीला लेखी तक्रार द्या, महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा आलेलं पटलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडं अर्ज करा, फी नाही, वकील लागत नाही. फक्त कंपनीनं शेवटचा नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत, तेव्हा तुमच्या नकाराच्या पत्रावरची तारीख आजच बघा.