जुनी गिअरची सायकल घेताना

प्रश्न : कोथरूडहून रविवारी सिंहगडाच्या घाटात न्यायला जुनी गिअरची सायकल पाहिली आहे. मालक म्हणतो, 'फक्त सर्व्हिसिंग लागेल.' नेमकं काय तपासू?

उत्तर : आधी चेन मोजा. पट्टीचं शून्य चेनच्या कड्या जोडणाऱ्या एका पिनेच्या मध्यावर धरा. तिच्यासकट पंचविसावी पिन बरोबर 12 इंचांवर यायला हवी. पिन 1/16 इंच पुढे गेली असेल तर नवी चेन घाला. 1/8 इंच गेली असेल तर मागची कॅसेटही (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) संपली समजा. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन जोर लावला की घसरते, म्हणजे नेमकी चढावर! हा खर्च किमतीतून वजा करून मागा.

घाटासाठी पुढचं सर्वांत लहान आणि मागचं सर्वांत मोठं चक्र साधारण सारख्या दात्यांचं हवं, उदा. 34–34. सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) सैल करून हलवून बघा. ॲल्युमिनियमचा असेल तर स्टीलच्या फ्रेममध्ये गंजून अडकतो. रिम-ब्रेक (चाकाच्या धातूच्या कडेला, म्हणजे रिमला, घासणारे) असतील तर रिमवर नख फिरवा, खोलगट लागली तर उतारावर धोका. हँडलखालच्या जोडाजवळ फ्रेमला चीर दिसली तर सौदाच सोडा. टायर, केबल किरकोळ. फ्रेम नंबर बहुधा पेडलचे दांडे फ्रेमला जोडतात तिथे खालच्या बाजूला असतो, तो बिलाशी जुळवा.