दूरसंचार धोरणातील नोकरी आणि सोलापूरचा उमेदवार

सोलापुरात इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतलेल्या आणि दिल्लीत ओळखपाळख नसलेल्या उमेदवाराला दूरसंचार कंपनीच्या धोरण विभागात जाता येते का, आणि हे काम म्हणजे केवळ अधिकाऱ्यांच्या भेटीगाठी असतात का, असे तुम्ही विचारले आहे. या क्षेत्रात बरीच वर्षे काढल्यानंतर मी निःशंकपणे सांगतो की जाता येते. भेटीगाठी होतात, पण खरे काम लेखनाचे आहे.

१९९७ च्या कायद्याने स्थापन झालेली ट्राय, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, कोणत्याही मोठ्या विषयावर आधी प्रश्नांसह चर्चापत्र काढते. त्यावर कंपन्या, ग्राहक संघटना आणि सामान्य नागरिक लेखी मते देतात, मग एकमेकांच्या मतांवर प्रतिमते मागवली जातात, खुली चर्चा होते आणि त्यानंतरच शिफारशी किंवा विनियम येतात. कंपनीत नेटवर्क, लेखा, विधी आणि विक्री या विभागांची मते क्वचितच जुळतात. ती ऐकून घेऊन कंपनीची एक भूमिका लिहून काढणे हे धोरण अधिकाऱ्याचे काम. ही मते सर्वांसाठी प्रसिद्ध होतात, त्यामुळे सैलपणे दिलेला आकडा प्रतिस्पर्धी हमखास पकडतो.

शब्दांचे मोल किती असते, हे समायोजित सकल महसुलाच्या, म्हणजे ज्यावर सरकारचा वाटा मोजला जातो त्या महसुलाच्या वादात दिसले. १९९९ च्या धोरणाने ठरावीक परवाना शुल्काऐवजी महसुलातील वाटा घेण्याची पद्धत आणली. मात्र त्या महसुलात व्याज, भाडे यांसारखे दूरसंचार सेवेबाहेरचे उत्पन्न धरायचे की नाही, यावर सरकार आणि कंपन्या वर्षानुवर्षे भांडत राहिल्या. २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारची व्याख्या मान्य केली आणि कंपन्यांवर हजारो कोटींची थकबाकी आली. २०२१ मध्ये सरकारने दूरसंचारेतर उत्पन्न वगळले, पण ते पुढील काळापुरते. परवान्यातील एका व्याख्येने या उद्योगाचे भवितव्य ठरवले, म्हणून मी नवोदितांना परवान्याची कलमे मुळातून वाचायला लावतो.

सोलापूरचे असणे ही तुमची उणीव नाही. आपला जिल्हा महाराष्ट्र सर्कलमध्ये, म्हणजे दूरसंचार परवान्याच्या महाराष्ट्र क्षेत्रात येतो, ज्यात गोवा आहे पण मुंबई नाही. अक्कलकोटच्या पुढे सीमा ओलांडली की कर्नाटक सर्कल सुरू होते. आषाढीला पंढरपुरात काही दिवसांपुरती लाखोंची गर्दी होते आणि नेटवर्कवरचा भार एकदम वाढतो. ऑप्टिकल फायबर टाकताना महापालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग, राष्ट्रीय महामार्ग आणि ग्रामपंचायत अशा निरनिराळ्या यंत्रणांशी गाठ पडते. त्यासाठीचे नवे मार्गाधिकार नियम, म्हणजे इतरांच्या जागेतून केबल नेण्याच्या परवानगीचे नियम, १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत. ते नियम प्रत्यक्ष रस्त्यावर कसे उतरतात, हे पाहिलेला माणूस दिल्लीतील बैठकीत फार मोलाचा ठरतो.

पदवीचा प्रश्न दुय्यम आहे. येथे अभियंते, वकील, सनदी लेखापाल आणि अर्थतज्ज्ञ सारेच दिसतात. पहिली नोकरी बहुधा सर्कल कार्यालयात, नियमपालनाची मिळेल: ग्राहक पडताळणी, टॉवरच्या किरणोत्सर्गाची प्रमाणपत्रे, सेवेच्या गुणवत्तेचे अहवाल. ती कमी लेखू नका. ओळखीच्या बळावर आत येण्याचा मार्ग मात्र मला मुळीच मान्य नाही, कारण अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात आणि लेखी नोंद मागे राहते.

सध्या ट्रायच्या संकेतस्थळावर खुले असलेले एखादे चर्चापत्र घ्या, त्यातील एकाच प्रश्नाला दोन पानांचे साधार उत्तर लिहा आणि मुदतीत स्वतःच्या नावाने पाठवा. त्यानंतर त्याच प्रश्नावर कंपन्यांनी काय लिहिले ते वाचा, आणि नोकरीच्या अर्जासोबत ते उत्तर जोडा.