वहिनीला बाळ सांभाळता येईल का?

प्रश्न : वहिनीला सौम्य बौद्धिक अपंगत्व आहे. बाळ चार महिन्यांचं. आई म्हणते, बाळ तिच्याकडे नको.

उत्तर : असं मुळीच करू नका. भारतानं मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराच्या कलम 23 नुसार केवळ आईच्या अपंगत्वामुळे मूल तिच्यापासून तोडता येत नाही.

एका वेळी एकच काम शिकवा. नुसतं सांगू नका, करून दाखवा, मग तिला करू द्या. शिकवणारा माणूस एकच हवा. चौघांनी चार पद्धती सांगितल्या की ती गोंधळते आणि दोष तिच्याच माथी येतो. औषधाच्या सिरिंजवर मात्रेच्या रेषेशी रंगीत चिकटपट्टी लावा. सहाव्या महिन्यानंतर वरचं अन्न सुरू होईल, तेव्हा पुन्हा नव्यानं शिकवावं लागेल.